पाण्यातल्या रंगाचे फोटो धुरकट येतात? लेन्स बदलण्याआधी हे तपासा

काचेच्या टाकीत पाणी, वरून ड्रॉपरने सोडलेला रंग, मागे पांढरा कागद आणि एखादा फ्लॅश. रंग खाली उतरताना होणारे धागे, छत्र्या आणि ढग डोळ्यांना इतके लख्ख दिसतात की फोटो बिघडेल अशी शंकाही येत नाही. मग स्क्रीनवर बघावं तर सगळं ताकात कालवल्यासारखं.

कला महाविद्यालयांत हा प्रकल्प कोणी ना कोणी घेतंच, हौशी मंडळीही घरी करून बघतात, आणि अडतं बहुतेकांचं एकाच जागी. मी हे दुसऱ्यांच्या टाक्यांसमोर बसून पुष्कळदा निस्तरलं आहे. लोक आधी लेन्सवर संशय घेतात, मग कॅमेऱ्यावर, मग बजेटवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोष बहुतेक वेळा पाण्यात, काचेवर किंवा रंग आणि प्रकाश यांच्या चुकलेल्या जोडीत असतो, आणि तो काढायला फार तर व्हिनेगरची एक बाटली लागते.

लक्षणं

तुमच्या फोटोत यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा. एकाहून जास्त असेल तर सगळी लिहून ठेवा.

- सगळ्या फोटोवर दुधट पडदा. काळं काळं येत नाही, करडं येतं.
- पांढरे ठिपके किंवा चमकती कडा असलेले गोल.
- रंगाचे धागे पुसट, पण काचेवरचा ओघळ अगदी स्पष्ट.
- पहिला थेंब झकास, पुढचा प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा मळका.
- डोळ्यांना लाल दिसणारा रंग फोटोत काळा, किंवा काळ्या पार्श्वभूमीवर रंग जवळजवळ गायब.
- रंग उतरतच नाही, वरच पसरतो. नाहीतर दगडासारखा तळाशी जातो.
- मधोमध कॅमेरा आणि तुमचा हात दिसतो.
- फोटोवर आडवे पट्टे.

आधी दोन कोरे फोटो

फुकटातली तपासणी आहे, आणि हीच लोक टाळतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, सेटिंग आणि दिवे आहेत तसेच ठेवा. एक फोटो पाण्याने भरलेल्या टाकीचा, रंग न टाकता. दुसरा टाकी बाजूला सरकवून, नुसत्या पार्श्वभूमीचा. दोन्ही शेजारी लावून बघा.

टाकी नसतानाही पडदा दिसला तर दोष प्रकाशाच्या मांडणीत किंवा लेन्समध्ये आहे, पाण्याला बोल लावू नका. टाकी ठेवल्यावरच दिसला तर पाणी किंवा काच. दोन्ही स्वच्छ असूनही रंगाचा फोटो मळकाच येत असेल तर रंगाकडे किंवा त्याच्यावर पडणाऱ्या उजेडाकडे बघायचं. ठिपक्यांचंही तसंच. दोन्ही फोटोंत फ्रेमच्या अगदी त्याच जागी असलेला, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) बारीक केल्यावर अधिक गडद होणारा ठिपका सेन्सरवरच्या धुळीचा असतो. जागा बदलतो तो बुडबुडा किंवा पाण्यातला कण. टाकी सरकवली की तिच्यासोबत सरकतो तो काचेवरचा डाग किंवा ओरखडा.

एवढं झालं की खालच्या निम्म्या तपासण्या तुम्हाला कराव्याच लागणार नाहीत.

काच

बाहेरून सगळेच पुसतात, आतून क्वचितच कोणी. बोअरच्या किंवा जड पाण्याचे थेंब काचेवर वाळले की क्षारांचा पांढुरका थर उरतो. टाकी ओली असताना तो दिसत नाही, पण बाजूने फ्लॅश पडला की तो थर उजळतो आणि सगळ्या फोटोवर पसरतो. साधं पांढरं व्हिनेगर कापडावर घेऊन आतबाहेर पुसा, दोन पाण्यांनी धुवा, मऊ मायक्रोफायबरने कोरडं करा. भांडी घासायचा साबण शक्यतो नकोच, आणि वापरलात तर खळखळून धुवा. थोडा जरी उरला तरी पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब वेगळाच वागायला लागतो आणि वर फेस येतो तो निराळा. ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकची टाकी असेल तर घासणी लांबच ठेवा. तिला ओरखडे पटकन पडतात आणि ते जात नाहीत.

मुंबई, ठाणे आणि कोकणातल्या मंडळींनी पावसाळ्यात एक गोष्ट जास्तीची बघायची. खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतली वाफ साधारण २५ अंशांच्या काचेवरही दव होऊन बसते. म्हणजे टाकीतलं पाणी खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी गार असलं तरी बाहेरची काच धुरकटते. ती पुसून उपयोग नाही, दोन मिनिटांत परत तेच. पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या किंवा पंखा काचेच्या बाहेरच्या बाजूने वाहू द्या. मात्र रंग सोडताना पंखा बंद, नाहीतर पाण्याचा पृष्ठभाग हलतो.

पाणी

नळाचं ताजं पाणी ओतलं की थोड्या वेळाने काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटतात. नळातलं पाणी दाबाखाली असतं, गार असतं, आणि गार पाण्यात हवा जास्त विरघळते. तेच पाणी टाकीत येऊन खोलीच्या उष्णतेने कोमट होतं आणि हवा बाहेर पडते. उपाय आळशी माणसाला आवडेल असा आहे: रात्री भरा, वर स्वच्छ कापड टाका, सकाळी फोटो काढा. काचेला चिकटलेले उरलेसुरले बुडबुडे रुंद ब्रशने हळूच वर ढकला. घाई असेल तर पाणी उकळा आणि झाकून पूर्ण गार करा. टाकीत ओतताना वरून धार सोडू नका. नळी तळाला टेकवून भरा, नाहीतर काढलेली हवा परत आत जाते.

‘पूर्ण गार’ हे दोनदा सांगायला हवं. शाळेत तापवायच्या चंचुपात्राच्या तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून अभिसरण दाखवत, ते आठवा: जांभळे पट्टे वर जाऊन वळून खाली यायचे. तुमच्या टाकीतलं पाणी कोपऱ्यात जरी कोमट असेल तरी तेच चालू असतं, फक्त रंग टाकेपर्यंत दिसत नाही. मग धागे सरळ उतरायच्या ऐवजी एका बाजूला खेचले जातात आणि फाटतात. रंगाची वाटीही टाकीशेजारीच ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान एक राहील.

आता गढूळपणा. खोली अंधारी करा आणि टाकीच्या एका बाजूने मोबाइलची टॉर्च आरपार सोडा. पाण्यातून जाणारा झोत दुधट पट्ट्यासारखा दिसला तर पाण्यात तरंगते कण आहेत. हा टिंडाल परिणाम, आणि तुमचा बाजूचा फ्लॅश नेमका हेच करून दाखवत असतो. ग्लासातून स्वच्छ दिसणारं पाणी २० सेंमी जाडीतून स्वच्छ दिसेलच असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नळाला गढूळ पाणी आलं की तुरटी फिरवून रात्रभर ठेवा. पण वरचं निवळलेलं पाणी नळीने काढून घ्या. तळाचा गाळ हलला की केलेलं सगळं वाया. बोअरचं पाणी असेल तर आरओचं वापरा. इतरांनी त्याच्या मागे लागायची गरज नाही.

पाणी बदलताय का?

प्रश्न बालिश वाटेल. पण ‘पहिला झकास, मग मळका’ या लक्षणाला दुसरं कारण जवळजवळ नसतंच. पहिला थेंब पसरून नाहीसा झाला असं डोळ्यांना वाटतं. तो गेलेला नसतो, सगळ्या टाकीभर वाटला गेलेला असतो. पुढच्या प्रत्येक फोटोत कॅमेरा त्या सगळ्या पाण्यातून बघतो. डोळा सवयीने दुर्लक्ष करतो, सेन्सर करत नाही. दर थेंबानंतर एक कोरा फोटो काढून पहिल्या कोऱ्या फोटोशी ताडून बघा. पार्श्वभूमीचा पांढरा रंग उतरला की पाणी बदला. रंगात दूध किंवा ॲक्रिलिक रंग वापरत असाल तर प्रत्येक थेंबाला नवं पाणी, दुसरा मार्ग नाही.

पाणी वाचवायचं तर टाकी अरुंद करा. ३० × २० × २० सेंमीच्या टाकीत १२ लिटर मावतं. ३० × १० × २५ च्या टाकीत साडेसात. शिवाय पुढून मागे पाण्याची जाडी निम्मी झाली की पाण्यातल्या कणांचा पडदाही त्याच मानाने पातळ होतो. १० सेंमीच्या खाली मात्र जाऊ नका, रंगाच्या छत्र्या काचेला टेकून चपट्या होतात. ॲक्रिलिकचं पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा कुंडीत ओतू नका. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी मोरीत आणि तळाचा चिखल कागदात गुंडाळून कचऱ्यात.

रंग आणि उजेड: घोडं इथेच पेंड खातं

काच आणि पाणी ठीक असूनही फोटो मेलेला येत असेल तर इथे थांबा आणि नीट वाचा. बाकी सगळं जमलेल्या लोकांचंही इथे चुकतं.

पाण्यात टाकायचे रंग दोन जातींचे. एक विरघळणारे: खायचे रंग, फाउंटन पेनची शाई. दुसरे न विरघळणारे, म्हणजे बारीक कणांचे: पोस्टर कलर, ॲक्रिलिक, काळी ड्रॉइंग इंक. विरघळलेला रंग उजेड परत फेकत नाही. तो आरपार जाऊ देतो आणि जाता जाता त्यातला काही भाग गिळतो. म्हणून त्याच्या मागून उजेड हवा: मागे पांढरा कागद, कागदावर किंवा कागदामागून फ्लॅश. हाच रंग काळ्या मखमलीपुढे ठेवून बाजूने फ्लॅश मारला तर कॅमेऱ्याकडे परत येण्यासारखं काही नसतंच. रंग गायब होतो, आणि मग माणूस आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवून काळ्याचं करडं करून ठेवतो.

कणांच्या रंगाचं बरोबर उलट. कण उजेड विखुरतात, त्यामुळे त्यांना बाजूने किंवा वरून उजेड द्या आणि मागे काळं ठेवा. ढगांना घडी येते, वजन येतं. यांना नुसता मागचा उजेड दिला तर भगवा, पिवळा, पांढरा सगळे सारखेच काळे दिसतात, कारण तुम्ही त्यांची फक्त सावली टिपत असता.

म्हणजे खायचा रंग असेल तर पांढरं मागे आणि उजेड मागून. पोस्टर कलर असेल तर काळं मागे आणि उजेड बाजूने. ‘डोळ्यांना लाल, फोटोत काळा’ ही तक्रार या एका अदलाबदलीनेच बहुधा मिटते. नाही मिटली तर रंग फार घट्ट आहे. मागून येणारा सगळा उजेड त्याने गिळला तर लाल काय आणि हिरवा काय. खायच्या रंगाची पूड पाण्यात इतकी पातळ करा की पांढऱ्या बशीत बशीचा तळ दिसेल. दोन विरघळणारे रंग एकावर एक आले की तिथे काळोख होणारच, कारण एक जे सोडतो ते दुसरा खातो. लाल-निळ्यापेक्षा पिवळा-निळा किंवा गुलाबी-पिवळा घ्या.

काळ्या पार्श्वभूमीचा हट्टच असेल आणि घरात फक्त खायचे रंग असतील तर रंगात थोडं दूध घाला. दुधातली चरबी आणि प्रथिनं उजेड विखुरतात, रंग फिकट पण भरीव दिसतो. अर्थात पाणी लगेच मळतं. ॲक्रिलिक ट्यूबमधून काढून तसंच टाकू नका, गोळा सरळ तळाशी जातो. सम प्रमाणात पाणी घालून सुरुवात करा, लागेल तसं पातळ करत जा, आणि जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. फोटोतले बरेचसे ‘ठिपके’ न फुटलेल्या रंगाच्या गाठी असतात.

रांगोळी, गुलाल, कुंकू, हळद या चौघांना सुट्टी द्या. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती बसते. हळदीतलं रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, नुसता पिवळा धुरळा होतो.

रंग उतरत नाही किंवा आपटतो, हा वजनाचा प्रश्न. खायच्या रंगाचं पातळ पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच जड असतं, म्हणून ते वर रेंगाळतं. वाटीभर रंगात अर्धा चमचा साखर पूर्ण विरघळवा, तो डौलाने उतरायला लागेल. फारच वेगाने जात असेल तर साखर कमी करा. मार्करची स्पिरिटवाली शाई हलकी असते, ती कितीही केलं तरी वरच पसरते. तिचा नाद सोडा. काही जण उलटं करतात, टाकीत मीठ घालतात, म्हणजे रंग मध्येच अडकून थर होतो. दिसतं छान, पण मीठ विरघळताना पाण्यात जड-हलके पट्टे तयार होतात, प्रत्येक पट्टा उजेड वेगळा वाकवतो, आणि फोकस अचूक असूनही फोटो तापलेल्या डांबरी रस्त्यावरून बघितल्यासारखा थरथरतो. ढवळल्याच्या खुणा पूर्ण जाईपर्यंत थांबा. रंगात साखर नीट विरघळली नसेल तरी हेच होतं.

ड्रॉपरची उंचीही बघा. थेंब दोन-चार सेंमीवरून पडला की पाण्यात कडं तयार होतं, ते खाली जाताना फुटून त्याची लहान लहान कडी होतात. जे. जे. थॉमसन आणि न्यूऑल यांनी १८८५ मध्ये याच कड्यांवर शोधनिबंध लिहिला होता. इलेक्ट्रॉन शोधणाराच तो थॉमसन. फार उंचावरून टाकलात तर थेंब सोबत हवा घेऊन जातो आणि बुडबुडे परत हजर. कडी नको, नुसते ढग हवे असतील तर मेडिकलमधली सिरिंज घ्या, सुई काढून टाका, टोक पाण्यात बुडवा आणि दट्ट्या हळू दाबा. सिरिंजच्या टोकाशी अडकलेली हवा आधी बाहेर काढायला विसरू नका.

प्रतिबिंब आणि उतू जाणारा पांढरा

कॅमेरा काचेशी काटकोनात हवा. तिरका ठेवला तर पाणी आणि काच वेगवेगळ्या रंगांचा उजेड वेगवेगळा वाकवतात आणि धाग्यांच्या कडांना जांभळी-हिरवी किनार येते. सरळ ठेवला की मात्र तुम्ही स्वतः काचेत दिसता. यावर लोक पोलरायझर फिल्टर विकत घेतात. तो इथे काम करत नाही. काचेवरची चमक तो काढतो ती साधारण ५५ अंश तिरकं बघताना. समोरासमोर बघताना नाही. त्यापेक्षा काळ्या कार्डपेपरला लेन्सएवढं भोक पाडा आणि लेन्स त्यातून बाहेर काढा. काळा टी-शर्ट घाला. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा.

मागे पांढरा कागद असेल तर तो फ्रेममध्ये दिसतो तेवढाच उघडा ठेवा. फ्रेमबाहेरचा पांढरा भाग फोटोत येत नाही, पण त्याचा उजेड लेन्समध्ये शिरतो आणि आतल्या आत उसळून सगळ्यावर पडदा टाकतो. टाकी नसतानाच्या कोऱ्या फोटोत पडदा होता ना? तो हा. टाकीच्या दोन्ही बाजूंना काळे कार्डपेपर उभे करा. पडदा जातो आणि रंगाच्या कडाही ठसठशीत होतात. मागचा फ्लॅश पांढरा जेमतेम पांढरा होईल इतकाच ठेवा. कागद टाकीपासून वीतभर लांब असू द्या, म्हणजे त्याच्या सुरकुत्या दिसणार नाहीत.

फोकस आणि शटर

थेंबावर ऑटोफोकस लागत नाही. तो पुढच्या काचेवर बसतो. म्हणूनच ओघळ स्पष्ट आणि धागे पुसट. जिथे थेंब पडणार तिथे पेन्सिल उभी बुडवा, तिच्यावर फोकस करा, मग लेन्स मॅन्युअलवर टाका. हे पाणी भरल्यावरच करायचं. पाण्यातली वस्तू जवळ भासते: काचेच्या मागे १० सेंमीवर असलेली पेन्सिल साडेसात सेंमीवर असल्यासारखी दिसते. रिकाम्या टाकीत फोकस करून मग पाणी भरलंत तर अडीच सेंमीची चूक हमखास, आणि इतक्या जवळून ती खपत नाही. ॲपर्चर एफ ८ ते एफ ११. सगळं फोकसमध्ये यावं म्हणून एफ २२ ला गेलात तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच थोडं मऊ होतं.

हलल्याचा हिशेब करून बघा. रंग सेकंदाला १० सेंमी उतरतोय असं धरू. १/२०० सेकंदात तो अर्धा मिमी सरकतो. २० सेंमी रुंदीची फ्रेम ६००० पिक्सेलमध्ये बसत असेल तर अर्धा मिमी म्हणजे १५ पिक्सेल. एवढ्यात नाजूक धागा पुसला जातो. फ्लॅश इथेच कामाला येतो. साधा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा बॅटरीचा फ्लॅश) पूर्ण ताकदीवर १/१००० सेकंदाच्या आसपास पेटतो, १/१६ ताकदीवर मात्र तो वेळ १/१०,००० च्या जवळ येतो. सरकणं अर्ध्या पिक्सेलच्याही आत. तेव्हा एक फ्लॅश पूर्ण ताकदीवर लावण्यापेक्षा दोन फ्लॅश कमी ताकदीवर, टाकीच्या जवळ लावा. खोली अंधारी ठेवा, शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या कमाल शटर वेगाच्या) आत. स्टुडिओतल्या काही जुन्या मोठ्या फ्लॅशचं उलट असतं, ताकद कमी केली की ते जास्त वेळ पेटतात. त्यांच्या माहितीपुस्तकात बघून घ्या.

मोबाइलवाल्यांनी एलईडी बल्बच्या उजेडात वेगवान शटर वापरू नये. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, बरेच स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, आणि आडवे पट्टे त्याचेच. १/१०० ठेवलं तर पट्टे जातात पण रंग हलतो. सकाळी बाल्कनीत कोवळं ऊन येत असेल तर टाकीमागे बटर पेपर ताणून लावा, ऊन त्यावर येऊ द्या आणि प्रो मोडमध्ये १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा. खायच्या रंगांसाठी घरात याहून चांगला दिवा नाही. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा.

एवढं करूनही पडदा राहिला तर

पैसे लागतील अशा गोष्टी आता येतात. पहिली, टाकीची काच. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, म्हणून ती जाड झाली की हिरवट दिसते. हा दोष व्हाइट बॅलन्सने निघतो, त्यासाठी टाकी बदलू नका. पण काचेवर ओरखडे असतील किंवा ती लहरी असेल (डोळा बाजूला हलवला की मागची सरळ पट्टी नागमोडी होते) तर निदान पुढची काच नवी हवी. ॲक्वेरियम बनवणाऱ्याला ‘एक्स्ट्रा क्लिअर’ काच सांगा. ती महाग असते, त्यामुळे फक्त पुढची एकच बाजू तिची करून घ्या.

दुसरी, लेन्स. लेन्स काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून बघा. आत कोळिष्टकासारखे तंतू किंवा ढगाळ ठिपका दिसला तर बुरशी आहे. दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती लागतेच.

इथे हात थांबवा

बुरशी लागलेली लेन्स घरी उघडू नका. आतल्या भिंगांचं अंतर आणि मध्य पुन्हा जुळवणं घरच्या पेचकसाचं काम नाही, आणि आतलं लेपन पुसताना निघून येतं. सर्व्हिस सेंटरला द्या, आधी दुरुस्तीचा अंदाज विचारा. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) असेल तर दुसरी वापरलेली घेणं स्वस्त पडू शकतं. सेन्सरवरची धूळ ब्लोअरने गेली नाही तर तीही त्यांच्याचकडे.

फ्लॅश पाण्यात पडला किंवा त्यावर पाणी सांडलं तर सेल काढा आणि वाळवून सर्व्हिसला पाठवा, पण उघडू नका. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो. विजेवर चालणाऱ्या स्टुडिओ फ्लॅशवर पाणी गेलं तर त्याला हातही लावू नका: आधी मेन बंद, मग इलेक्ट्रिशियन. मुळात टाकीजवळ बॅटरीवरचेच फ्लॅश वापरावेत. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीच्या टेबलाखाली जमिनीवर ठेवायचा नाही, तो टाकीपासून लांब आणि उंचावर. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर मेन विजेचे दिवे घेऊन हा प्रकल्प सुरूच करू नका.

टाकीच्या सांध्यातून ओल दिसली किंवा काचेला बारीकशी चीर दिसली तर त्या दिवसाचं काम संपलं. बारा लिटर म्हणजे बारा किलो पाणी, आणि काच सांगून फुटत नाही. नळीने पाणी काढा; भरलेली टाकी उचलू नका. सांधा गळत असेल तर बाहेरून सिलिकॉन थापून काही होत नाही. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून नवं आतून भरावं लागतं आणि ते वाळायला निदान एक दिवस लागतो, म्हणून ते ॲक्वेरियमवाल्याकडेच करून घ्या. काचेला चीर असेल तर तेही नको, टाकी टाकून द्या.